बोरघाटाचा उतार आणि ब्रेकचा हिशेब

मावळचे पठार जेथे कोकणाच्या दिशेने तुटते, त्या बोरघाटात चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे ठरत आले आहे. १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, येथे चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये लोहमार्ग. सुमारे ५५८ मीटर उंची चढणाऱ्या या लोहमार्गावर काही ठिकाणी दर ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र उतार होता. म्हणून रेल्वेने ताबा सुटलेली गाडी वळवून थोपवण्यासाठी चढणीवर संपणारे फाटे, म्हणजे कॅच सायडिंग, बांधले. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. रस्त्यावर मात्र ही जबाबदारी बहुतांशी चालकावरच राहिली, आणि २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर वेग वाढला, तरी घाट तोच होता.

पंचवीस टनांचा ट्रक पाचशे मीटर खाली उतरतो, तेव्हा निर्माण होणारी उष्णता सुमारे चारशे लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा अटकाव नाहीसा होऊन ही उष्णता जवळजवळ सगळी ब्रेकच्या ड्रमांवर पडते, आणि तापलेल्या लायनिंगची पकड सुटत जाते.

वळणावर आणखी एक अडचण येते. टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असून वळण आणि ब्रेक दोघांनाही तिच्यातूनच वाटा मिळतो, त्यामुळे वळणात जोराने ब्रेक दाबणाऱ्याला वळण्यासाठी फारच थोडी पकड उरते. साठ मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षण गुणांक, म्हणजे पकडीचे मोजमाप, ०.७ धरल्यास सुमारे ७३ किलोमीटर ताशी वेगाला गाडी घसरू लागते. पावसाने तो ०.४ वर आला, तर ५५ लाच.

अपघातानंतर याच घर्षण गुणांकाच्या आधारे उलटा हिशेब करून वेग काढतात. वीस मीटर लांबीच्या, गाडी थांबेपर्यंतच्या घसरखुणेवरून, गुणांक ०.७ धरल्यास, सपाट रस्त्यावर सुमारे ६० चा वेग निघतो, परंतु विसास एक उतारावर तो साडेसत्तावन्नच्या आसपास येतो. अर्थात घाटातील पंचनाम्यात उताराची नोंद करायची राहून गेली, तर चालकावर न केलेल्या वेगाचा ठपका बसतो. गिअरची स्थिती आणि ड्रमवरील अतितापाची निळसर झाक हीदेखील क्रेनने वाहन हलवण्यापूर्वीच पाहावी लागते, मात्र धडकेने गिअर सरकू शकत असल्याने एकट्या गिअरच्या दांड्यावर निष्कर्ष टेकवता येत नाही.