यातलं कुणाला सांगितलंस?

पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं शेताची रचना करण्याचा, ७२ तासांचा अभ्यासक्रम पुरा करून मी जामखेडला परतले, तेव्हा सासूबाईंनी प्रमाणपत्र हातात घेऊन पाहिलं. त्यांना वाचता येत नाही. विचारलं, "यातलं कुणाला सांगितलंस?"

"आत्या, शिकवायला वेळ आहे. आधी दोन वर्षं आपल्या रानात करून दाखवायचं, मग पदविका, मग वर्ग."

"बरोबर आहे की. पण शेजारणीला सांगायला कसली पदविका?"

हा प्रश्न त्यांना या तालुक्यानं शिकवला. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. गावोगावी नर्स ठेवायचा त्यांचा पहिला बेत रुजला नाही. मग गावातल्याच बायकांना शिकवायचं ठरलं. बहुतेकजणी निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत. सासूबाई त्यांतल्याच एक. एका खेपेला एकच गोष्ट पक्की करायची, असं त्या सांगतात. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी. ते गावात सांगायचं, आणि पुढच्या आठवड्यात येऊन कुणी ऐकलं नाही तेही सांगायचं. मग बाकीच्याजणी आपापल्या गावातला तोडगा सांगत. शिकवणारी घडायची ती तिथं.

दुष्काळाच्या त्या वर्षांत आरोळ्यांनी बोअर घेतले आणि हातपंप मुद्दाम दलित वस्तीत बसवले. पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावं लागलं. अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं, की कुठली वस्तू कुठं ठेवायची यावर सगळी रचना ठरते. वर्गातले सगळे कोंबड्यांच्या खुराड्याचा विचार करत होते. मला तो हातपंप दिसत होता. भाषणं देऊन जे झालं नसतं, ते पंपाच्या जागेनं केलं.

बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांचं पर्माकल्चरवरचं पहिलं पुस्तक ऑस्ट्रेलियात १९७८ साली निघालं. त्याच वर्षी अल्मा-आताला प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, आणि त्याआधीच, १९७५ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचं काम छापून आलं होतं. इकडे कोल्हापूरला गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोलकर 'प्रयोग परिवार' बांधत होते. त्या परिवारात तासगावचे द्राक्षवाले एकमेकांचे मास्तर झाले. ही माणसं एकाच प्रश्नाशी झुंजत होती असं मला मनापासून वाटतं: ज्याचं त्यानं करून पाहिलेलं ज्ञान दुसऱ्याच्या बांधापर्यंत कसं न्यायचं?

माझं रान बालाघाटाच्या उतारावर आहे, माती वीतभर. तीन बांबू बांधले, मधे सुतळीला दगड टांगला आणि त्या चौकटीनं समपातळी रेषा आखून चर खणला. कडेनं शेवगा आणि सीताफळ लावलं. पहिल्याच वळवात चर फुटला, माती ओढ्याला गेली. दुपारच्या वाऱ्यात दगड झुलत होता आणि तो थांबायची वाट न पाहता मी खुणा केल्या होत्या. जादा पाण्याला सांडवाही ठेवला नव्हता. मी गुपचूप बुजवायला निघाले, तर सासूबाई बांधावर उभ्या.

"बुजवू नको. आधी बायांना दाखव."

त्या आठवड्यात वस्तीवरच्या तिघीजणी आल्या. मी बांबू बाजूला ठेवले आणि त्यांना फुटक्या चरापाशी नेलं.