तुमच्या लोकांचं कुणीकडं?

निवडणूक जाहीर झाली की बीडच्या बसस्थानकाजवळच्या चहाच्या हॉटेलात मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारे माझे जुने स्नेही आहेत. "काय शायरसाहेब, औंदा तुमच्या लोकांचं कुणीकडं?" मी म्हणतो, "माझे कोणते लोक?" ते हसतात. त्यांना वाटतं, मी टाळतो आहे. पण मला खरोखरच ठाऊक नसतं.

या प्रश्नामागे एक समजूत आहे. अमुक समाजाची मतं अमुक पेटीत, गठ्ठ्यानं. आमच्या जिल्ह्याचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

निजामाच्या राज्यातून 1948 साली सुटलेल्या या जिल्ह्याने 1967 मध्ये लोकसभेवर कुणाला पाठवलं? क्रांतिसिंह नाना पाटलांना. माणूस सातारा भागातला, प्रतिसरकारचा. इथं ना सोयरे, ना शेतीवाडी. हाती कम्युनिस्टांचा लाल बावटा. तरी बीडकरांनी त्यांना आपलं मानलं. दहा वर्षांनी, 1977 मध्ये, मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. मग केशरकाकू क्षीरसागर. 1980, 1984 आणि 1991, तीन वेळा खासदार. काकू तेली समाजाच्या. जिल्ह्यात या समाजाची संख्या मूठभर. जातीच्या बेरजेवर काकू एकदाही निवडून आल्या नसत्या.

बीड शहराच्या विधानसभा मतदारसंघाचं पाहा. 1995 मध्ये शिवसेनेचे सुरेश नवले, 1999 मध्ये राष्ट्रवादीचे सय्यद सलीम, 2004 मध्ये पुन्हा शिवसेना, सुनील धांडे. नऊ वर्षांत इथले मोहल्ले बदलले नव्हते की वाडे बदलले नव्हते. फिरलं होतं ते लोकांचं मन.

अलीकडचे आकडे तर अधिक बोलके आहेत. गोपीनाथराव मुंडे गेल्यानंतर 2014 च्या पोटनिवडणुकीत प्रीतमताई 6,96,321 मतांच्या फरकाने निवडून आल्या. एवढी मतं एका जातीची असूच शकत नाहीत. 2019 मध्ये बजरंग सोनवणे त्यांच्याविरुद्ध दीड लाखाहून अधिक मतांनी पडले. तेच सोनवणे 2024 मध्ये पंकजाताईंविरुद्ध 6,553 मतांनी जिंकले. पाच वर्षांत जिल्ह्याची जातवार लोकसंख्या काही उलटीपालटी होत नाही. मधल्या काळात आरक्षणाचा प्रश्न पेटला होता. आणि त्याच 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेच्या सहा जागांपैकी पाच महायुतीला मिळाल्या. सहा महिन्यांत गठ्ठा कुठं गेला?

समाजाचा कल नसतोच, असं मी म्हणत नाही. 2024 च्या लोकसभेला तो ढळढळीत दिसला. पण कल वेगळा आणि गठ्ठा वेगळा. दहातली सात माणसं एका बाजूला गेली, तर उरलेल्या तिघांचं मत कुणी मोजायचं?

शिवाय हा हिशेब येतो कुठून? मतदार यादीत जातीचा रकाना नाही, धर्माचाही नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात 1909 च्या सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. घटनाकारांनी ते मोडले आणि 325 व्या कलमाने सर्वांसाठी एकच यादी केली. सर्व जातींची आकडेवारी 1931 नंतर देशाच्या कोणत्याही जनगणनेतून प्रसिद्ध झाली नाही. म्हणजे हॉटेलात टेबलावर मांडले जाणारे टक्के अंदाजाचेच.

केंद्रनिहाय आकडे मात्र उघड असतात. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या पत्रिका मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रं आली आणि कोणत्या केंद्रावर कुणाला किती, हे स्पष्ट दिसू लागलं. अनेक यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारं टोटलायझर निवडणूक आयोगाने 2008 मध्ये सुचवलं, पण ते लागू झालं नाही. मग निकालानंतर कार्यकर्ते यादी घेऊन बसतात आणि म्हणतात, "त्या गल्लीनं दगा दिला." गल्लीत हजार माणसं. दगा कुणी दिला हे यंत्र सांगत नाही. राग मात्र सगळ्या गल्लीवर निघतो. तिथला रस्ता मागे पडतो, नळाचं पाणी मागे पडतं.

याहून मोठं नुकसान आम्ही पाहिलं आहे. 30 ऑक्टोबर 2023 रोजी बीड आणि माजलगावात लोकप्रतिनिधींची घरं जाळली गेली. लोकसभेच्या निकालानंतर आडनाव पाहून दुकानाची पायरी चढायची की नाही, अशी भाषा खेड्यापाड्यांत ऐकू आली. ज्या किराणा दुकानातून आजोबांपासून उधारी चालत आली, तिथं माणूस दारातच थबकला. मतावरून जात ओळखायची आणि जातीवरून वैर धरायचं, हा त्या समजुतीचाच शेवट.

1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 झालं, तेव्हा मी पहिलं मत दिलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात अजूनही तीच रीत आहे.

परवा स्नेह्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला. मी विचारलं, "आधी तुमच्या घरातलं सांगा. वहिनींनी मागच्या खेपेला कुणाला दिलं?" ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "खरं सांगू? तिनं मला अजून सांगितलेलं नाही."

एका घरातल्या दोन माणसांचं जिथं कळत नाही, तिथं माझ्या हजारो लोकांचं मी काय सांगू?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)