जातीचा खर्च व दौलतीचा खर्च

आमच्या संग्राहकांच्या दप्तरांत मोहिमा, तह व वतनाचे तंटे यांविषयींचीं पत्रें मोठ्या आदरानें जपलेलीं दिसतात. रोजकीर्दी, खर्चाच्या यादी, जामदारखान्याचे हिशेब, मुक्कामास दिलेल्या शिध्याचे तपशील, असे कागद मात्र ‘किरकोळ’ या शिक्क्याखालीं रुमालाच्या तळाशीं पडतात. वस्तुतः ते किरकोळ नाहींत. अधिकाऱ्याच्या अंगावरचें वस्त्र व त्याच्या पाहुण्याच्या पानांतील अन्न सरकारी पैशांतून यावें कीं न यावें, हा प्रश्न आज वर्तमानपत्रांत वारंवार निघतो. त्याचा जुना विचार याच कागदांत दडलेला आहे. बुलढाणा जिल्हा नजरेसमोर ठेवून त्या विचाराचें दिग्दर्शन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या जिल्ह्यांतील सिंदखेड हें जाधवरावांचें मूळ ठिकाण. जिजाबाईसाहेबांचे पिते लखूजी जाधवराव हे निजामशाहींतील मोठे सरदार. मध्यंतरीं ते मोगलांकडे गेले व त्यांस मनसब मिळाली. पुढें ते परत आले आणि इ. स. १६२९ मध्यें दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत मारले गेले. या घराण्यास मिळालेल्या मोगली मनसबीचें स्वरूप आमच्या विषयास उपयोगी आहे. मनसबीचे आंकडे दोन असत, एक ‘जात’ व दुसरा ‘स्वार’. येथें जात म्हणजे ज्ञाति नव्हे, तर मनसबदाराची स्वतःची व्यक्ति. पहिल्या आंकड्यावरून त्याचा दर्जा व त्याचें स्वतःचें वेतन ठरे. दुसऱ्यावरून त्यानें किती घोडेस्वार बाळगावे व त्यांकरितां किती नेमणूक मिळावी हें ठरे. मराठी राज्यांतही जात-सरंजाम व फौज-सरंजाम असा भेद पुढें रूढ झालेला दिसतो.

या भेदाचें मर्म असें कीं, सरदारानें उंची पोशाख करूं नये किंवा मेजवानी देऊं नये, असें त्यांत कोठेंही नाहीं. किती पैसा त्याच्या देहाकरितां व किती कामाकरितां, एवढेंच आगाऊ ठरलेलें असे. जातीच्या वेतनांतून त्यानें जरीचा अंगरखा घेतला तर तो त्याचा प्रश्न. स्वारांच्या पैशांतून घेतला तर ती चोरी. अशी चोरी होत नसे, असें मात्र कोणी समजूं नये. हजिरीच्या दिवशीं उसनीं घोडीं उभीं करून गणती पुरी करण्याची युक्ति फार जुनी आहे. तिला आळा घालण्याकरितांच घोड्यास दाग देण्याची व शिपायाचा चेहरा लिहून ठेवण्याची पद्धति मोगलांस पाळावी लागली.

येथें कोणी विचारील कीं, त्या काळीं दरबारांतून वस्त्रें वांटलीं जात, तो सरकारी पैशाचा उपभोग नव्हे काय? त्याचें उत्तर वस्त्राच्या प्रयोजनांत आहे. शिवछत्रपतींच्या अठरा कारखान्यांत जामदारखाना व मुदपाकखाना हीं खातीं गणलीं जातात. म्हणजे वस्त्र व स्वयंपाक हे राज्याचे हिशेबी विभाग होते. इ. स. १७२० मध्यें बाजीरावांस शाहू महाराजांकडून पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तीं कांहीं थंडीवाऱ्यापासून रक्षण व्हावें म्हणून नव्हेत. तीं वस्त्रें म्हणजे एक प्रकारची सनदच होती. देणारा कोण, घेणारा कोण, अधिकार कोणता, हें भर दरबारांत सर्वांच्या देखत ठरत असे. जें सर्वांच्या देखत दिलें जातें व ज्याची नोंद होते, तें वस्त्र आणि जें घरच्या पेटींत गुपचूप जातें तें वस्त्र, या दोहोंचा धागा एक असला तरी हिशेब एक नव्हे.

खासगी व दौलत यांची वांटणी किती कसोशीनें करतां येते, याचें उत्तम उदाहरण वऱ्हाडाबाहेर होळकरशाहींत सांपडतें. इ. स. १७३४ मध्यें मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांस खासगीची स्वतंत्र नेमणूक मिळाली. पुढें ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत पसरलेल्या त्यांच्या धर्मकृत्यांचें नांव आजही निघतें; तीं या खासगीच्या उत्पन्नांतून होत, दौलतीच्या खजिन्यांतून नव्हे. पुण्यकर्मासही जेथें दौलतीचा पैसा वर्ज्य, तेथें साडीचोळीची कथा काय!

आतां चित्राची दुसरी बाजू पाहूं. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टननें इ. स. १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत ‘दरबारखर्च’ या सदराची हकीकत दिली आहे. मामलेदारानें वरच्या कारभाऱ्यांस व हिशेब तपासणारांस जें गुप्तपणें द्यावें, त्याकरितां हें सदर निघालें. हळूहळू ती लांच नेमलेल्या हक्कासारखी झाली आणि इतर खर्चाप्रमाणें तिचाही हिशेब तपासून मंजूर होऊं लागला. परंतु लांच हक्क झाल्यावर लांचेची गरज संपली नाहीं. तिच्याकरितां रयतेवर आणखी निराळी पट्टी बसली. आणि अशा नाजूक बाबींत तपासनीस खोल जात नसल्यामुळें मामलेदार वरिष्ठांकरितां जितकें वसूल करी, त्याहून अधिक स्वतःकरितां ठेवी. आमच्या मतें या हकीकतींतला बोध मोठा आहे. वाईट खर्च वहींत लिहिला म्हणजे तो चांगला होत नाहीं. उलट, वहीच बिघडते.

एल्फिन्स्टनचा अहवाल पेशव्यांच्या मुलखाचा आहे. वऱ्हाडची स्थिति याहून बिकट होती. याच जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें इ. स. १७२४ मध्यें निजामुल्मुल्कानें मुबारिजखानाचा पराभव केला व दक्षिणेंत तो जवळजवळ स्वतंत्र झाला. त्यापुढें वऱ्हाडांत एकीकडे निजामाचा अंमल व दुसरीकडे मराठ्यांची वसुली, अशी दुअंमली चालली. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडांतील भाग सुटला व मुलूख निजामाकडे एकवटला. पण एकवटलेला मुलूख मक्त्यानें सावकारांच्या हातीं जाऊं लागला. पूरणमल व त्यामागून पेस्तनजी यांच्या पेढ्यांचीं नांवें वऱ्हाडच्या महसुलाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहेत. इ. स. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखालीं गेला, तोंपर्यंत ही रीति कमीअधिक चालू होती. मक्त्यांत जात व दौलत हा भेदच बुडतो. ठरलेली रक्कम भरली कीं उरलेलें सर्व मक्तेदाराचें. त्याची पालखी, त्याची पंगत, त्याचा पोशाख, हें सर्व रयतेच्या कणगींतून निघतें, आणि त्यास दरबारखर्च असें नांव देण्याचीही गरज राहत नाहीं.

याच्या उलट टोंकास रामशास्त्री प्रभुण्यांची आख्यायिका आहे. शास्त्रीबोवांची पत्नी साध्या वस्त्रांनिशीं वाड्यांत गेली असतां रमाबाईंनीं तिला वस्त्रालंकार घालून पालखींतून परत पाठविलें. तेव्हां, या बाई आमच्या घरच्या नव्हेत, असें म्हणून शास्त्रीबोवांनीं दार लाविलें, अशी ती कथा. ती आम्ही घटनेचा पुरावा म्हणून घेत नाहीं. न्यायाधीशाकडून लोक काय अपेक्षितात, याची साक्ष म्हणून घेतों. मात्र राज्य केवळ रामशास्त्र्यांच्या भरंवशावर चालत नाहीं. अधिकाऱ्यास कांहींच न दिल्यास देशमुखासारखा घरचा श्रीमंत तेवढाच अधिकार करूं शकेल. गरिबाच्या हुशार मुलास दारांतूनच परतावें लागेल. इ. स. १९३७ मध्यें बुलढाणा ज्यांत मोडत होता त्या मध्यप्रांत-वऱ्हाडासह अनेक प्रांतांत काँग्रेसचीं मंत्रिमंडळें आलीं, तेव्हां मंत्र्याचें वेतन दरमहा ५०० रुपये ठरलें, पण घर व वाहन यांची सोय निराळी धरावी लागली. ही तडजोड आम्हांस लाजिरवाणी वाटत नाहीं. ती जुन्या जात-नेमणुकीचीच नवी आवृत्ति होय.

स्वातंत्र्यानंतर इ. स. १९५२ च्या कायद्यानें केंद्रीय मंत्र्यांच्या वेतनाबरोबर आतिथ्याचा भत्ता निराळा सांगितला, हेंही त्याच मार्गाचें. पाहुणा राज्याचा असेल तर पान राज्यानें वाढावें, हें रास्त आहे. परंतु सदर मोघम झालें कीं दरबारखर्च पुन्हां जन्मास येतो. इंग्लंडच्या पार्लमेंटच्या सभासदांनीं घराचा खंदक साफ करण्यापर्यंतचे खर्च सरकारी खात्यांत मागितल्याचें इ. स. २००९ मध्यें उघड झालें, तेव्हां अनेकांचा बचाव एकच होता, कीं हें नियमांत बसतें. एल्फिन्स्टनच्या मामलेदारानेंही दुसरें काय सांगितलें असतें?

तेव्हां जुन्या वह्यांवरून आम्हांस तीन कसोट्या दिसतात. रक्कम आगाऊ व नांवानिशीं ठरलेली असावी. वस्त्र किंवा पंगत अधिकाराकरितां असेल तर ती सर्वांच्या देखत व्हावी. सरकारी पैशानें घेतलेली वस्तु अधिकार सुटतांच जामदारखान्यांत परत यावी. या तिहींस न उतरणारा खर्च, तो पुढारी कितीही थोर असो, त्यानें आपल्या जातींतून करावा.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. सिंदखेड, देऊळगांव राजा, मेहकर, मलकापूर या बाजूच्या जुन्या वाड्यांतून पाटील-पांड्यांच्या गांवखर्चाच्या यादी हातीं आल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. कोणत्या हाकिमाच्या मुक्कामास किती तूप लागलें व तें कोणाच्या नांवें पडलें, हें एक चिठोरें जें सांगेल, तें दहा खलित्यांतून निघणार नाहीं. खलिते राजानें लिहविले. हीं चिठोरीं ज्यांनीं तूप दिलें त्यांचीं आहेत.