दिवाळीच्या सुट्टीत मुलांना शिकारीला नेता येतं का? कायदा काय सांगतो आणि नाथसागरावर काय पाहता येतं?

पाऊस संपला की मराठवाड्यात फिरण्याचे दिवस सुरू होतात. ऑक्टोबरची उन्हं उतरतात, कापसाची वेचणी चालू असते, रब्बी ज्वारी वर येते आणि मुलांना दिवाळीची सुट्टी लागते. शहरातली मुलं गावी जातात. मग एखादा काका नाहीतर मामा म्हणतो, "चला, तुम्हाला तितर धरायला नेतो."

हल्ली यात मोबाईलचीही भर पडली आहे. गलोल, छऱ्याची बंदूक, जाळ्यात अडकलेला ससा असे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. काही व्हिडिओंमध्ये लहान मुलं हातात पक्षी धरून हसताना दिसतात. खाली कमेंट असते, "आमचं बालपण असंच होतं."

पण हे कायद्याने चालतं का? परदेशात आईवडील मुलांना घेऊन शिकारीला जातात, मग आपल्याकडे का नाही? आणि बंदूक वगळली तर मुलांना रानात नेऊन शिकवायचं तरी काय? छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या परिसराच्या निमित्ताने या प्रश्नांची उत्तरं पाहू.

परदेशात काय पद्धत आहे?

अमेरिकेत शरद ऋतू म्हणजे शिकारीचा हंगाम. हरीण, बदक, टर्की यांच्या शिकारीच्या तारखा सरकार ठरवतं. परवाना लागतो. किती प्राणी मारायचे याची मर्यादा असते. बहुतेक राज्यांत नवख्या शिकाऱ्याला आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. लहान मुलांसाठी काही दिवस राखीव असतात, त्या दिवशी मोठ्यांनी फक्त सोबत करायची. पेनसिल्व्हेनियात तर अनेक शाळा हरणांच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सुट्टी देत आल्या आहेत.

तिथे शिकारीचा पैसा संवर्धनाकडे वळवला जातो. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळतो. म्हणून तिथले शिकारी स्वतःला निसर्गाचे राखणदार म्हणवतात. हा दावा तिथेही वादाचा आहे, पण त्यामागे एक व्यवस्था आहे एवढं खरं.

भारताने मात्र वेगळा रस्ता निवडला.

भारतात शिकार कधीपासून बंद आहे?

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 साली आला. अनेकांना वाटतं की त्याच दिवशी सगळी शिकार बंद झाली. तसं नव्हतं. मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवाने मिळण्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीत ती काढून टाकण्यात आली. म्हणजे छंद म्हणून शिकार करण्याचा कायदेशीर मार्ग आज भारतात उरलेला नाही.

2022 मध्ये कायद्यात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. कायद्याच्या सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि दंडाच्या रकमा वाढल्या.

'शिकार' म्हणजे नेमकं काय?

बहुतेक लोकांची चूक इथेच होते. मारलं तरच शिकार, असं आपण समजतो. कायद्याची व्याख्या त्याहून बरीच मोठी आहे. वन्यप्राण्याला मारणं, जखमी करणं, पकडणं, फास किंवा जाळं लावणं, हाकारा घालणं, आमिष दाखवणं, विष घालणं हे सगळं शिकारीत येतं. पक्ष्यांची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं हेही शिकारच आहे. आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न केला तरी तो गुन्हा ठरतो.

म्हणजे नेम चुकला तरी सुटका नाही. तितर, लावा, ससा, घोरपड यांना कायद्याचं संरक्षण आहे. मोर तर पहिल्या अनुसूचीत आहे. झाडाच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू काढून पिंजऱ्यात ठेवणं हाही गुन्हा आहे, मग घरात त्याचे कितीही लाड होवोत.

शिक्षा किती होते?

सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेलं वाहन आणि हत्यारही जप्त होऊ शकतं.

अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाच वेगळा गुन्हा आहे. हत्याराच्या व्याख्येत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, चाकू, जाळी, फास हेही येतात. त्यामुळे 'बंदूक नुसती गाडीत होती' हा बचाव चालत नाही.

आणि मुलाने गलोल मारली तर? अठरा वर्षांखालच्या मुलांचं प्रकरण बाल न्याय कायद्याने हाताळलं जातं. पण त्याला नेणारा, शिकवणारा, हत्यार देणारा मोठा माणूस मोकळा राहत नाही. गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा असते. अशा वेळी हौसेने काढलेला व्हिडिओच पुरावा ठरू शकतो.

मग रानडुक्कर आणि नीलगायींचं काय?

हा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. उभं पीक एका रात्रीत झोपतं तेव्हा कायद्याची भाषा ऐकायला कुणाला आवडेल? जीविताला किंवा पिकाला धोका असेल तर अधिकृत वन अधिकारी लेखी आदेशाने ठरावीक प्राणी मारण्याची परवानगी देऊ शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. नुकसान भरपाईसाठीही वन विभागाकडे अर्ज करता येतो. पण ही परवानगी नुकसान रोखण्यासाठी असते. तिच्या आधारे पाहुण्यांना आणि पोरांना घेऊन शिकारीला जाता येत नाही.

एका चिमणीची गोष्ट

मुंबईत खेतवाडीत एक अनाथ मुलगा मामाकडे वाढत होता. मामांनी त्याला छऱ्याची बंदूक दिली होती आणि तो तिने चिमण्या मारायचा. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नव्हे, हे त्याच्या लक्षात आलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी होते, पण त्यांनाही पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखला, मुलाला संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तकं दिली.

तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. 12 नोव्हेंबर 1896 हा त्यांचा जन्मदिवस. त्यांच्या आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरूनच आहे, 'द फॉल ऑफ अ स्पॅरो'. 1931-32 मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. आज शहरात दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेसमोर जो सलीम अली सरोवर आहे, तो मुघल काळातला खिज्री तलाव. त्याला आता या पक्षीशास्त्रज्ञाचं नाव आहे.

ही गोष्ट सांगताना एक गोष्ट लपवायला नको. सलीम अली पुढेही अभ्यासासाठी पक्षी मारून त्यांचे नमुने गोळा करत होते. त्या काळी शास्त्राची रीतच तशी होती. पण त्यांचं आयुष्य वळलं ते बंदुकीमुळे नव्हे. 'हा कोणता पक्षी?' असं मुलाने विचारलं आणि मोठ्यांनी त्याला गप्प न करता माहीतगार माणसाकडे पाठवलं, म्हणून ते वळलं.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, तर 12 नोव्हेंबर सलीम अलींचा. 2020 पासून राज्य सरकारने तो अधिकृतपणे सुरू केला. बऱ्याचदा तो दिवाळीच्या मागेपुढेच येतो.

नाथसागरावर काय पाहता येतं?

पैठणचं जायकवाडी धरण शहरापासून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर. पाणी पसरट आणि काठाला उथळ, त्यामुळे पाणपक्ष्यांना खाद्य भरपूर मिळतं. 1986 मध्ये इथे पक्षी अभयारण्य जाहीर झालं.

हिवाळ्यात इथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, पट्टकादंब आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. पट्टकादंब मुलांना नक्की दाखवा. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. 7,000 मीटरच्या वर उडतानाही त्याची नोंद झाली आहे. चक्रवाक म्हणजे जुन्या कवितांमधली चकवा-चकवीची जोडी. रात्री ती एकमेकांपासून दुरावते, अशी कल्पना आहे.

एक अपेक्षा मात्र आधीच जुळवून घ्या. पाऊस चांगला झाला असेल तर दिवाळीत धरण काठोकाठ भरलेलं असतं, उथळ जागा पाण्याखाली असतात आणि पक्षी विखुरलेले दिसतात. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की मोठे थवे दिसू लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी सर्वांत चांगला काळ. दिवाळीची फेरी ओळख करून घ्यायला आणि हिवाळ्यातली थवे पाहायला, असं ठरवा.

डोंगर हवा असेल तर कन्नडकडे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. ते छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव जिल्ह्यांत पसरलं आहे. पितळखोरा लेणी याच परिसरात आहेत. पावसानंतर इथले झरे अजून वाहत असतात.

बंदुकीशिवाय 'शिकार' कशी शिकवायची?

शिकारीची बाजू घेणारे म्हणतात की तिच्यातून मुलं संयम, शांतता आणि रान वाचणं शिकतात. यात तथ्य आहे. पण या तिन्ही गोष्टींसाठी प्राणी मरायची गरज नाही.

माग काढा. ओल्या चिखलावर ससा, मुंगूस, कोल्हा, बगळा यांचे ठसे शोधायला लावा. कोण आलं, कुठून आलं, पळत होतं की चालत, हे मुलांनाच ठरवू द्या.

गप्प बसा. एका जागी वीस मिनिटं न बोलता बसायचं. सुरुवातीला मुलं कंटाळतात. मग पक्षी जवळ येऊ लागतात आणि चुळबुळ आपोआप थांबते.

नोंद ठेवा. वहीत तारीख, जागा, पक्षी, त्याचं चित्र. ओळखता आला नाही तर रंग, चोच आणि पाय लिहून ठेवा. नंतर पुस्तकात किंवा मर्लिनसारख्या मोफत ॲपमध्ये शोधता येतं.

दुर्बीण घ्यायची असेल तर 8 बाय 40 च्या आसपासची पुरते. 8 म्हणजे किती पट जवळ दिसतं, 40 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. त्याहून जास्त पटीची दुर्बीण लहान हातात फार हलते.

पहाटे निघा, मातकट रंगाचे कपडे घाला, अभयारण्यात जाण्याआधी वन विभागाकडे परवानगीची चौकशी करा. फोटोसाठी थवा उडवू नका, ड्रोन नको, घरट्याजवळ जाणं नको, मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज वाजवणंही नको. पाण्याच्या काठावर चिखल फसवा असतो, लहान मुलांचा हात सोडू नका.

सवय बदलते का?

नागालँडमध्ये 2012 च्या शरदात दोयांग जलाशयाजवळ हजारो अमूर ससाणे जाळ्यांत पकडून मारले जात असल्याचं समोर आलं. त्यानंतर गावांनी बंदी घातली, मुलांसाठी इको क्लब सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ही कत्तल थांबली. आज लोक तिथे हेच पक्षी पाहायला जातात. पोटासाठी शिकार करणाऱ्या गावांनी हे एका वर्षात केलं. आपल्याला तर फक्त सुट्टीची हौस बदलायची आहे.

कुठे शिकार, जाळं किंवा विक्रीसाठी पकडलेले पक्षी दिसले तर स्वतः भांडायला जाऊ नका. वन विभागाच्या 1926 या 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांकावर कळवा. आणि असा व्हिडिओ फीडवर आला तर तो पुढे पाठवू नका, त्याची लिंक वन विभागाला द्या.

राहिला तो काका. त्याला ठसे ओळखता येतात, तितराचा आवाज काढता येतो, ससा कुठे बसतो हे माहीत असतं. ही विद्या पुस्तकात सहज सापडत नाही. या दिवाळीत त्यालाही मुलांबरोबर घेऊन जा, फक्त गलोल घरी ठेवायला सांगा.