पाहिलेले, ऐकलेले आणि नोंदलेले : वऱ्हाडातील निरीक्षणाचे दोन ग्रंथ

२६ एप्रिल १९४९ रोजी अमेरिकेतील कॅन्सास राज्यातल्या एका छोट्या गावात सात वर्षांच्या एका मुलाचा संपूर्ण दिवस नोंदवला गेला. सकाळी जाग आल्यापासून रात्री झोप लागेपर्यंत आठ निरीक्षक आळीपाळीने त्याच्याजवळ राहिले. रॉजर बार्कर आणि हर्बर्ट राइट यांनी ही नोंद १९५१ मध्ये ‘वन बॉईज डे’ या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. वर्तन साध्या भाषेत लिहायचे आणि निरीक्षकाचा तर्क त्यापासून वेगळा ठेवायचा, ही त्यांची शिस्त होती. मानसशास्त्रातील निरीक्षणपद्धती शिकवताना हे उदाहरण हमखास येते. मराठीच्या अभ्यासकाला मात्र ते वाचताना अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर आठवायला हवे.

श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर, म्हणजे सर्वमान्य समजुतीप्रमाणे १२७४ नंतर, त्यांचे अनुयायी रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहू लागले. तेथे नागदेवाचार्य चक्रधरांच्या लीळांचे स्मरण करीत असत. त्यातूनच म्हाइंभटांना त्या लीळांच्या संकलनाची कल्पना सुचली, असे पंथाची परंपरा सांगते. म्हाइंभट स्वतः शास्त्री पंडित होते. चक्रधरांचे तत्त्वज्ञान श्लोकबद्ध करणे त्यांना कठीण नव्हते. पण त्यांनी केले ते वेगळेच. जी लीळा ज्याच्यासमोर घडली त्याला गाठायचे, त्याच्याकडून ती ऐकायची, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची आणि मग लिहायची, असा क्रम त्यांनी ठरवला. लीळाचरित्राचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमाराचा मानतात. त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र संकलनाची ही रीत ग्रंथाच्या घडणीतच दिसते. स्थळ, प्रसंग, उपस्थित माणसे, कोण काय बोलले, त्यावर चक्रधर काय म्हणाले, एवढ्यावर बहुतेक लीळा संपते. जेवणखाण, आजारपण, वाटचाल यांनाही तेथे जागा आहे.

संशोधनाच्या भाषेत बोलायचे तर लीळाचरित्र हे साक्षींवर उभे राहिलेले, घटनेनंतरचे संकलन आहे. त्याची बलस्थाने आणि दुबळेपणा दोन्ही त्यातूनच येतात. साक्षीदार बहुतांशी नावानिशी ठाऊक आहेत, ही मोठी जमेची बाजू. परंतु ते सर्व भक्त आहेत. ज्यांनी चक्रधरांना पाहिले आणि पाठ फिरवली, त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. शिवाय ज्याला जे विलक्षण वाटले तेच त्याच्या स्मरणात राहिले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासिका जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्ये नेमका हाच धोका दाखवून दिला. जे डोळ्यांत भरते तेवढेच टिपले, तर ठळक प्रसंगांचे प्रमाण फुगते आणि नित्याचे वर्तन निसटते.

त्याच म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या गोविंदप्रभुचरित्राची घडण थोडी निराळी आहे. गोविंदप्रभूंचे देहावसान १२८७-८८ च्या सुमारास झाले. त्यापूर्वीची सुमारे तेरा-चौदा वर्षे हे अनुयायी त्यांच्या अवतीभवती राहत होते. येथे स्मृतीच्या जोडीला सहवास आहे. गोविंदप्रभूंचे वागणे रूढ चौकटीत बसणारे नव्हते. ते कोणाच्याही घरी शिरत, मुलांप्रमाणे खेळत, अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जात. गावकरी त्यांना वेडे म्हणत आणि आईबापही मानीत. चरित्रकाराची श्रद्धा अर्थातच ठरलेली आहे. त्याच्या दृष्टीने ते ईश्वर आहेत. तरीही गावकऱ्यांचा ‘वेडा’ हा शब्द त्याने खोडला नाही. कृती जशी दिसली तशी लिहिली आणि पाहणाऱ्यांचे परस्परविरोधी अर्थ तिच्या शेजारी राहू दिले. आज एखाद्या वाचकाला त्या वर्तनाचा वेगळा अर्थ लावावासा वाटला, तर तो लावता येतो, कारण मूळ नोंद अर्थाने गिळून टाकलेली नाही. सात शतकांनंतर ॲन फेल्डहाउस यांनी या चरित्राचे इंग्रजी भाषांतर केले (१९८४), तेव्हा जगभरच्या अभ्यासकांना हेच करता आले.

नोंद आणि अर्थ यांतील अंतर महानुभावांनी पुढेही जपले. केसोबासांनी चक्रधरांची वचने लीळांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु प्रसंगापासून तोडलेले वचन दुर्बोध होते, हे लवकरच ध्यानात आले आणि कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले हे सांगणारे ग्रंथ लिहावे लागले. स्थानपोथीने तर चक्रधर कोठे राहिले, कोठे बसले, ते देऊळ कोणत्या दिशेला होते, याची तपशीलवार नोंद ठेवली. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर हीराइसा आदींच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. तेव्हा भिन्न पाठ ज्याच्या-त्याच्या नावाने टिकले. मतभेद मिटवून एकच गुळगुळीत संहिता करण्याचा मोह टळला, हे मराठीचे भाग्य.

आता सहा शतके ओलांडून अकोल्यास यावे. पश्चिम वऱ्हाडचे हे मुख्य ठाणे. १८६७ पासून आल्फ्रेड लायल तेथे कमिशनर होता. १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर त्याने संपादित केले आणि १८७२ मध्ये याच प्रांताच्या धर्मजीवनावर एक दीर्घ निबंध लिहिला, जो पुढे ‘एशियाटिक स्टडीज’ (१८८२) या संग्रहात आला. ग्रंथांतील हिंदू धर्म बाजूला ठेवून एका प्रांतातील लोक प्रत्यक्षात कशाची पूजा करतात ते पाहायचे, ही त्याची योजना खरोखर नवी होती. दगडधोंड्यांपासून भुताखेतांपर्यंत, मृत वीरांपासून थोर देवांपर्यंत त्याने पूजेचे प्रकार लावून दाखवले. मेलेल्या माणसाचा देव कसा होतो, याचे त्याचे विवेचन आजही वाचनीय आहे. पण हे त्याला कोणी सांगितले? कमिशनरसाहेबापुढे उभा राहिलेला पाटील किंवा कुणबी काय बोलला असेल आणि काय त्याने पोटात ठेवले असेल? निबंधात प्रकार दिसतात, सांगणारा माणूस दिसत नाही. म्हाइंभटांचा पूर्वग्रह उघड आहे, म्हणून तो वजा करता येतो. लायलचा तटस्थ स्वर मात्र सत्तेचे अंतर झाकतो.

आता रिद्धपुरी मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. आपण लीळाचरित्र ‘आद्य गद्यग्रंथ’ म्हणून शिकवतो, त्यातील भाषेचे नमुने काढतो आणि तेराव्या शतकातील समाजाची माहिती त्यातून सरसकट उचलतो. यातील शेवटची सवय सोडायला हवी. प्रत्येक लीळेला आधी विचारावे : हे कोणी पाहिले, किती दिवसांनी सांगितले, कोणाचा पाठ वेगळा आहे आणि कोण गप्प राहिले? हे प्रश्न मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून उसने आणण्याची गरज नाही. त्यांतील पहिले तीन त्या पोथ्यांनीच शिकवले आहेत. चौथा मात्र आपणच विचारायचा आहे.