चकव्याला शिस्त लागली तेव्हा

शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३चा. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन यांनी त्या दिवशी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पुरवणीत शंकरपाळ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. ते सरळ अर्थ विचारत होते, आणि आपल्याकडची बहुतेक शब्दकोडी आजही तेच करतात. वाचणाऱ्याला मुद्दाम भलत्या वाटेला लावणारे क्रिप्टिक कोडे इंग्लंडात वाढले. एडवर्ड पोइस मॅथर्स १९२६पासून १९३९मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘टॉर्कमादा’ या नावाने कोडी रचत होते. नाव घेतले होते स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचे. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे १९१९मध्ये इंग्रजी रूपांतर करणारे मॅथर्स ते हेच, श्लेषावर पोसलेल्या संस्कृत काव्याशी त्यांची ओळख होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. क्रिप्टिक कोड्याचे जनकत्व त्यांना दिले जाते. मला ते अर्धेच मान्य आहे. चकवा त्यांनी दिला, पण या खेळाला कूळ मिळाले ते चकव्याला शिस्त लागली तेव्हा.

ही शिस्त दोघांनी घातली. ‘आफ्रित’ या नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९च्या आपल्या पुस्तकात दंडक मांडला : रचणाऱ्याच्या मनातला अर्थ वरवरच्या अर्थाहून वेगळा असला तरी चालेल, पण तो शब्दांत नेमका उतरलेला असलाच पाहिजे. टॉर्कमादांच्या जागी ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आलेले डी. एस. मॅकनट, म्हणजे ‘झिमेनीझ’, यांनी १९६६च्या पुस्तकात त्याची संहिताच केली. उत्तर दोनदा द्यायचे, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या करामतीने, आणि त्यापलीकडे एकही फालतू शब्द ठेवायचा नाही. ‘शिक्षकाची मोटार राज्य चालवते (४)’ हे शोधसूत्र घ्या. शिक्षक म्हणजे ‘सर’, मोटार म्हणजे ‘कार’, आणि राज्य चालवते ते ‘सरकार’. किंवा ‘उलटी वाहणारी नदी गरीब (२)’ : ‘नदी’ची अक्षरे उलटी लावली की ‘दीन’. वाक्य वाचताना डोळ्यांपुढे मोटार येते, नदी येते. उत्तर सापडल्यावर मात्र ते बरोबर आहे का, हे कोणाला विचारावे लागत नाही. माझ्या मते क्रिप्टिक कोड्याचा खरा जन्म या स्वयंसिद्धतेत आहे.

यावर आक्षेप येईल की, विषयसूत्राभोवती गुंफलेली कोडी तर या संहितेआधीची आहेत. खरे आहे, टॉर्कमादांनीही ती रचली, आणि १९३०मध्ये सुरू झालेले ‘लिसनर’चे कोडे त्यासाठीच ओळखले जाते. पण विषयबद्ध कोड्यात अर्थाची बाजू अनेकदा लपवलेली असते, एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दाच्या क्रमांकावर सोपवलेला असतो. अशा वेळी अक्षरांची बाजू भरवशाची नसेल, तर सोडवणाऱ्याच्या हाती अंदाजच उरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘गार्डियन’चे लाडके ‘अराउकारिया’, म्हणजे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहम, झिमेनीझचे नियम बिनधास्त वाकवत. मात्र त्यांनी सैल केली ती व्याकरणाची बंधने. दोन वाटांनी एकाच उत्तरावर आणण्याचे वचन मोडले नाही. जानेवारी २०१३मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, त्यांनी कोड्याच्या माथ्यावर सूचना दिली : अराउकारियांना अमुक क्रमांकाच्या जागी तमुक झाले असून त्यावर अमुक-तमुक उपचार चालू आहेत. चौकटी भरल्यावर उत्तरे निघाली ती अन्ननलिका, कर्करोग आणि वेदनाशामक शुश्रूषा. इतकी गंभीर बातमी कोड्यातून सांगता आली, कारण वाचकांना त्यातल्या अक्षराअक्षराची खात्री होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

मराठीत हे जमणार नाही, काना-मात्रांमुळे अक्षरांची उलथापालथ अवघड जाते, असेही कोणी म्हणेल. अडचण खरी आहे, पण उपाय नियमातच आहे : काना-मात्रेसह पूर्ण अक्षर हेच एक घर मानायचे, ‘दीन’मध्ये मानले तसे. श्लेषाची आवड मराठी वाचकाला मुळातच आहे. वृत्तपत्रांनी आठवड्यातून एक क्रिप्टिक कोडे छापावे, आणि पहिल्याच दिवशी कोड्याशेजारी त्याचे नियमही छापावेत.