खडा अखंड काढावा की फोडून? मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचा लांबचा प्रवास

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या माणसाच्या सोनोग्राफीत मोठा मुतखडा दिसला, की त्याच्यापुढे साधारणपणे तीन मार्ग ठेवले जातात. बाहेरून लहरींचे आघात देऊन खडा फोडणे, मूत्रमार्गातून दुर्बीण नेऊन लेसरने फोडणे, किंवा पाठीतून बारीक छिद्र पाडून मूत्रपिंडात शिरणे आणि तेथे फोडून तुकडे बाहेर काढणे. तिन्ही मार्गांत खडा फोडलाच जातो. या विषयावरील सर्वांत जुन्या सविस्तर सूचनांपैकी एक मात्र नेमकी याच्या उलट आहे.

ती सुश्रुतसंहितेत आहे. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात अश्मरीची, म्हणजे मूत्राशयातील खड्याची, शस्त्रक्रिया येते. गुदद्वारातून बोटे घालून खडा खाली आणायचा, मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूस जवभर अंतर सोडून खड्याच्या आकाराएवढा छेद घ्यायचा आणि खडा ओढून काढायचा. पण तो फुटू देऊ नये, त्याचा चुराही होऊ देऊ नये; कारण मागे राहिलेला कणसुद्धा पुन्हा वाढतो. आजचे डॉक्टर शस्त्रक्रियेनंतर ‘तुकडा राहिला का’ हे तपासण्यासाठी फोटो काढतात, ती चिंता हीच.

सुश्रुत या शस्त्रक्रियेचा उत्साही पुरस्कर्ता नव्हता. औषधे हरली तरच शस्त्र हाती घ्यावे. कुशल वैद्यालाही यशाची खात्री नाही, मात्र न केल्यास मृत्यू निश्चित, म्हणून राजाची अनुमती घेऊन ती करावी, असे तो बजावतो. हिपोक्रेटिसच्या शपथेत तर वैद्याने खड्यासाठी छेद घेऊच नये, ते काम त्यातल्या कारागिरांवर सोडावे, असे आहे. लंडनचा दैनंदिनीकार सॅम्युएल पेप्स याचा खडा २६ मार्च १६५८ रोजी भूल नसतानाच्या काळात काढला गेला. तो वाचला आणि पुढे हा दिवस दरवर्षी साजरा करू लागला. त्या काळी तसे करण्यास पुरेसे कारण होते.

छेद न घेता खडा काढण्याचे श्रेय पॅरिसच्या झाँ सिव्हियालकडे जाते. १८२४ मध्ये त्याने मूत्रमार्गातून एक पोकळ नळी आत सरकवली, तिच्या टोकाच्या पकडीत खडा धरला आणि छिद्रे पाडून तो फोडला. आजच्या ‘बिनटाक्याच्या’ शस्त्रक्रियांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. पुढे त्याने युरोपभरचे आकडे गोळा केले. छेदाच्या ५,४४३ शस्त्रक्रियांत १,०२४ मृत्यू, तर फोडण्याच्या ३०७ मध्ये ७. म्हणजे शंभरांत सुमारे १९ विरुद्ध २.

१८३५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या आकड्यांवर समिती नेमली, तीत गणितज्ञ प्वासाँही होता. समितीला आकडेमोड फारशी पटली नाही. वैद्यकात समोरचा माणूस महत्त्वाचा, आकड्यांच्या बेरजेत तो हरवतो, असा तिचा सूर होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. फोडण्यासाठी निवडले जाणारे रुग्ण अनुकूल असत. फार मोठे खडे आणि लहान मुले छेदाच्या वाट्याला येत. दोन पद्धतींची तुलना करताना रुग्ण सारखे आहेत का, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत सुटलेला नाही.

मुलांचा प्रश्न सुटला तो मात्र होळकरांच्या इंदुरात.

१८७८ मध्ये अमेरिकेतील हेन्री बिगेलो याने सुधारणा केली. रुग्णास भूल देऊन एकाच बैठकीत खडा पूर्ण फोडायचा आणि रबरी फुग्याच्या साधनाने सगळा चुरा धुऊन ओढून घ्यायचा. सुश्रुताने वर्ज्य केलेला चुरा आता मागे राहणार नव्हता. पण लहान मुलाच्या अरुंद मूत्रमार्गात ही हत्यारे जाणार कशी? मुलांना छेदच बरा, असे युरोपातील शल्यविशारद मानत. हिंदुस्थानात तर मूत्राशयाच्या खड्याचे रुग्ण मोठ्या संख्येने लहान मुलगेच असत. इंदूरच्या रुग्णालयातील डेनिस फ्रान्सिस कीगन याने १८८० च्या दशकात बारीक हत्यारे वापरून मुलांचे खडे याच पद्धतीने फोडले आणि ते अनुभव पुस्तकरूपाने लंडनमध्ये छापले. जो रोग युरोपच्या शहरांत ओसरत चालला होता, त्याची विद्या आता इंदुराहून लंडनला जात होती.

एवढी लांब बैठक भुलीशिवाय अशक्य होती. धाराशिव, तेव्हा नळदुर्ग नावाने ओळखला जाणारा जिल्हा, ज्या निजामी राज्यात होता, तेथेच १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या धोक्यांवर दोन आयोग बसले. खर्चाचा भार निजामाने उचलला. क्लोरोफॉर्ममुळे आधी श्वास थांबतो, हृदय नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. मुलांमधला मूत्राशयाचा खडाही नंतर विरळ झाला. तो मुख्यतः नुसत्या धान्यावरच्या अपुऱ्या आहाराचा रोग होता. आज मराठवाड्यात आढळतो तो बहुतेक प्रौढांच्या मूत्रपिंडातला. कडक ऊन, भरपूर घाम आणि कमी पाणी हे त्याला पोषक. लोक दोष मात्र विहिरीच्या जड पाण्याला देतात.

मूत्रपिंडातला खडा विसाव्या शतकात बराच काळ कुशीवर लांब छेद घेऊनच काढत. १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीतून सुमारे बोटाच्या जाडीची वाट करून खडा काढल्याचे प्रसिद्ध केले. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये पहिल्या रुग्णाचा खडा बाहेरच्या लहरींनी फोडला गेला. यंत्र डॉर्निये या विमाने बनवणाऱ्या कंपनीचे होते आणि रुग्णास पाण्याच्या टाकीत ठेवावे लागे. १९९० च्या दशकात होल्मियम लेसर आला, आणि वाकणारी दुर्बीण थेट मूत्रपिंडाच्या कप्प्यांत खडा फोडू लागली.

तिघांत सरस कोण? लहरींत शरीराला इजा सर्वांत कमी, पण खडा कठीण किंवा खालच्या कप्प्यात असेल तर तुकडे उरतात आणि पुन्हा यावे लागते. पाठीतल्या छिद्राने खडा सर्वांत निश्चितपणे निघतो, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्याला सहसा तोच मार्ग. मात्र रक्तस्रावाचा धोका अधिक. वाकणारी दुर्बीण मधली, पण महाग आणि नाजूक.

भूम-परंड्याच्या ऊसतोड मजुराचे मोजमाप आणखी वेगळे असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रियेचा खर्च भागू शकतो, पण सोलापूरच्या खेपा आणि बुडालेली मजुरी भरून निघत नाही. त्याच्यासाठी ‘पुन्हा यावे लागेल’ हीच मोठी इजा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीत बहुधा स्टेंट ठेवतात, आणि तो काही आठवड्यांत काढायचा असतो. दुखणे थांबले, हंगाम सुरू झाला, टोळी कारखान्यावर गेली, की तो विसरला जातो. वर्षभर आत राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचतात आणि त्याच्याभोवती नवा खडा धरतो.